फरसबंदीतला दुसरा सतरा

मी दगड आहे, मित्रांनो. काळा, खडबडीत, शंभरीला टेकलेला. मला फरशी म्हणू नका. फरशी तुमच्या घरात असते, गुळगुळीत. तिच्यावर पाणी सांडलं की आजी घसरते आणि सगळे फरशीला सोडून आजीलाच बोलतात. मी फरसबंदीतला दगड. या दोन शब्दांतला फरक न कळल्यामुळं आमची गल्ली गेल्या साली मरता मरता वाचली. ती हकीकत सांगतो. गोड करून सांगणार नाही, ते मला जमत नाही.

गाव कडेगावच्या बाजूचं. नाव सांगत नाही, कारण ज्यांनी घोळ घातला त्यांची मुलं तुमच्याच वर्गात असतील.

गावामागच्या टेकडीच्या खाणीत पाथरवटानं मला घडवलं. वरचं तोंड वीतभर चौकोनी, खाली निमुळतं शेपूट, तोंडापेक्षा लांब. लोकांना वाटतं रस्त्याचा दगड चपटा असतो. जेवढा मी वर दिसतो त्याहून जास्त मी मातीत असतो. खाणीपासून गावापर्यंत मला एका माणसानं डोक्यावरून आणलं. त्याचं नाव नाथाजी. तेव्हा तो विशीच्या आतला होता आणि हे काम त्यानं राजीखुशीनं केलेलं नव्हतं. गावानं त्याच्या वस्तीवर वेठ लावली होती. बशीर गवंड्याच्या आजोबानं मला गल्लीत बसवलं. खाली मुरूम, त्यावर वाळू, वाळूत शेपूट उभं रोवायचं, शेजाऱ्याला खेटून. फटीत दगडाच्या कपच्या ठोकायच्या आणि वरून धुम्मस घालायचा. धुम्मस म्हणजे दांड्याचा जड ठोकळा. तो डोक्यात बसला की कुणाचीही मिजास उतरते. माझी उतरली. चुना नाही, सिमेंट नाही. एकमेकांच्या दाबानं आम्ही उभे.

एकशेवीस ओळी, ओळीत सात दगड. खालचं टोक पेठेच्या चौकात, वरचं टोक नाथाजीच्या वस्तीशी. आणि आता लाजेची गोष्ट ऐका. ज्यानं मला डोक्यावरून आणलं, त्याला माझ्यावरून चालायला मनाई होती. वस्तीची माणसं मागच्या ओढ्यातून वळसा घालून पेठेत यायची. तीस वर्षं मी त्याच्या पायाची वाट बघितली. मग छप्पन साल आलं, वस्तीनं धम्म स्वीकारला, आणि एके सकाळी नाथाजी नव्या करकरीत वहाणा घालून गल्लीच्या मधोमध चालत आला. वरून सतराव्या ओळीत, सात दगडांतल्या बरोबर मधल्यावर, म्हणजे माझ्यावर, क्षणभर थांबला. मग पुढं गेला. पेठेतल्या लोकांची तोंडं बघण्यासारखी होती.

बाळाबाई नाथाजीची सून. तिनं साठ वर्षं गल्ली वापरली. म्हातारपणी तिची नजर गेली. आधी धुरकट दिसायचं, नंतर काहीच नाही. पण सकाळी नऊ वाजता ती दारातून निघायची, काठी नाही, कुणाचा हात नाही, आणि अनवाणी खाली चौकातल्या जीनतच्या किराणा दुकानात जाऊन बसायची. जीनत म्हणजे बशीर गवंड्याची बायको. तिथं कपभर चहा आणि गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या. दहाला परत. कुठला दगड कलता, कुठला खोलगट, कुठल्या दोघांत बोटभर फट, हे तिच्या पायाला पाठ होतं. लोक म्हणायचे, म्हातारीला दिसतंय, ढोंग करती. लोकांचं काय ऐकता!

गेल्या साली पाण्याची मोठी पाईपलाईन आली. पाणी हवंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाईप गल्लीतूनच जाणार, म्हणून आम्हाला उचलायचं ठरलं. बशीर तेव्हा लेकीकडं, कवठे महांकाळला. पोरगी बाळंत होती. त्यानं फोनवरून मुलाला, आसिफला, सांगितलं, "दगडाच्या बुडाला नंबर टाकूनच काढा. ओळ आन् दगड, दोन्ही. न्हाईतर आयुष्यभर जुळवत बसाल."

काम लवकर व्हावं म्हणून आसिफनं बाळाबाईच्या नातवाला, महेंद्रला, जोडीला घेतलं. दोघं तिशीतले, एका वर्गात शिकलेले. पिवळ्या रंगाचा एकच डबा, तो दोन वाट्यांत ओतून घेतला. आसिफ खालून निघाला, महेंद्र वरून. मला महेंद्रनं उलटं केलं आणि बुडावर लिहिलं, सतरा-चार. सतरावी ओळ, चौथा दगड. दोघं मध्यात भेटले, हात मिळवले, ट्रॅक्टर भरभरून आम्हाला गायरानात नेऊन एकाच ढिगात ओतलं.

सात महिने तिथं पडून होतो. माझ्यावर गवत उगवलं. कुत्री येऊन जे करतात ते करून गेली. शंभर वर्षं पावलं झेललेल्याला हे दिवस! पण माझं सोडा. गल्लीत चिखल, चर, ढेकळं. बाळाबाईनं एकदा जायचा प्रयत्न केला, चरात पाय गेला, मनगट मोडलं. तेव्हापासून ती ओट्यावर. हे सगळं मला नंतर कळलं, गायरानात गुरं राखायला येणाऱ्यांच्या बोलण्यातून. महेंद्र म्हणायचा, "आज्जे, मी नेतो की हात धरून."

"हात धरून न्यायला मी काय लग्नातली नवरी हाय व्हय?" म्हातारी म्हणायची. "रस्ता करा. माझी मी जाती."

मग जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं. दिवसभर तोंड गल्लीकडं करून बसायची. मित्रांनो, माणूस आजारानंच खचतं असं नाही. त्याची रोजची शंभर पावलं काढून घ्या, तेवढ्यानंही भागतं.

पाईप पुरली गेली आणि रस्ता पूर्ववत करायची वेळ आली. ठेकेदार वीरधवल. वाईट माणूस नव्हे, पण आळशी, आणि आळशी माणूस अंगात घाई आणून काम करतो. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, 'फरसबंदी पूर्ववत करणे'. वीरधवलनं लाल-पिवळे सिमेंटचे ब्लॉक मागवले. ग्रामसभा भरली चौकातच, जीनतच्या दुकानापुढं. तेवढा तुकडा पाईपच्या वाटेत येत नव्हता, म्हणून तिथली फरसबंदी तशीच शाबूत होती. आता सांगतो ते त्या शाबूत दगडांनी मला सांगितलं, आणि दगड वाढवून सांगत नाहीत.

वीरधवल म्हणाला, "फरसबंदी म्हंजी काय? फरशी बसवणं. ब्लॉक बी फरशीच की. सरपंच, शब्दात कशाला अडकायचं?"

सरपंच लालासाहेबांनी मान हलवली. त्यांना मान हलवायची सवयच आहे.

बशीर उठला. सहासष्ट वर्षांचा, गुडघे गेलेले, आवाज मात्र खणखणीत. "फर्श म्हंजी अंथरलेलं. आमच्यातली म्हातारी माणसं सतरंजीला बी फर्श म्हणायची. पर अंथरलेलं कुणीबी गुंडाळून नेतंय. म्हणून म्होरं बंद लावलाय. बंद म्हंजी बांधलेलं. अंथरून बांधलेलं, ती फरसबंदी."

"चाचा, तुमी मास्तर व्हायचं सोडून गवंडी का झाला?" वीरधवल हसला. सभा पण हसली.

"मास्तर झालो असतो तर तुला नापास केला असता. ये हिकडं. तुझ्या पायाखालचा एक दगड उपसून दाव. मधला. निघाला तर तुझे ब्लॉक मी स्वता बसवतो, फुकट."

वीरधवलनं पहार मागवली. फटीत घातली, जोर लावला. मग दोघांनी जोर लावला. दगड जागचा हलला नाही, पहार मात्र वाकली. जीनत दुकानातून म्हणाली, "आवं ठेकेदार, पहार आमची हाय. सरळ करून द्या."

बशीर नमुन्याच्या ब्लॉककडं वळला, जो ठेकेदाराच्या माणसांनी शेजारी दहा-बारा ब्लॉकांच्या तुकड्यात बसवून दाखवला होता. गाडीची चावी फटीत घालून त्यानं तो सहज उचकटला. "ह्यो अंथरलेला. त्यो बांधलेला. कागदावर काय लिवलंय ते तुमीच वाचा."

सभेत कुजबुज झाली. आणि मग मागून आवाज आला. बाळाबाईचा. तिला महेंद्रनं रिक्षातून, रस्त्यानं वळसा घालून आणलं होतं. म्हातारी उभी राहिली.

"माझ्या सासऱ्यानं डोक्यावर दगड आणल्यात. त्याच्या टाळूला शेवटपातूर केस न्हवतं. त्या दगडावरनं चालायला त्यास्नी तीस वर्सं लागली. मला आंधळीला ती वाट ठावं हाय. तुमच्या लाल-पिवळ्या रंगाचं मला काय? मला ती दिसत्यात व्हय?"

लालासाहेबांनी पुन्हा मान हलवली, पण या वेळी उलट्या बाजूला. ठरलं असं की जुने दगड बसवायचे. वीरधवलनं अट घातली, शनिवारपर्यंत गल्ली पुरी नाही झाली तर ब्लॉकची गाडी उतरणार, कारण मुदत संपते. सात दिवस. बशीर म्हणाला, "नंबर टाकलेत. चार दिसांत करतो."

आम्हाला गायरानातून आणून गल्लीच्या कडेला पुन्हा ढिगातच ओतलं, आणि बुडावरचा नंबर शोधत एकेक काढायला सुरुवात झाली. बशीरनं खालच्या टोकापासून सुरुवात केली, कारण गवंडी उताराच्या तळापासूनच वर चढतो. पहिल्या दिवशी सोळा ओळी. आसिफ दगड देतोय, बशीर बसवतोय, महेंद्र वाळू ओततोय. मला उचललं, सतरा-चार वाचलं, आणि रोवलं. मला लगेच कळलं की काहीतरी चुकलंय. डावीकडचा शेजारी अनोळखी. उजवीकडचा आगाऊ, खांद्यात घुसणारा. मी डगमगत होतो. ओरडून सांगावंसं वाटलं, पण दगडाचं कोण ऐकतं? कपची ठोकली तरी मी डुगडुगच.

तेवढ्यात वीरधवल ढिगापाशी लघवीला म्हणून गेला आणि परत आला तो खांद्यावर दगड घेऊन.

"चाचा, ह्यो बघा आजून एक सतरा-चार! दगडाला पोरं व्हायला लागली काय?"

सगळं थांबलं. बशीरनं ढिगातले पाच-सहा दगड उलटे केले. दोन बावीस-एक. दोन एकोणीस-सहा. प्रत्येकाचे दोन.

"आसिफ, तू कुठनं मोजलंस?"

"खालनं. आपल्या दारापास्नं."

"आन् तू रं?"

महेंद्र म्हणाला, "वरनं. आमच्या दारापास्नं."

बशीरनं कपाळावर हात मारला. "गल्ली खालनं सुरू हुती, एवढं बी कळत न्हाई?"

"खालनं का?" महेंद्र भडकला. "कायम पेठेपास्नं मोजायचं आन् आमचं दार शेवटचं. आमच्याकडनं का सुरू न्हाई करायची, चाचा? दगड आणले आमच्या पणज्यानं!"

आसिफ म्हणाला, "आरं, पर मला सांगायचं तरी."

"तू तरी कुठं इचारलंस?"

आता यात चूक कुणाची म्हणाल? मी सांगतो, दोघांची. पण महेंद्र जे बोलला ते खोटं नव्हतं, आणि बशीरलाही ते कळलं. त्यानं हातातली सुतकी, ती दगड ठोकायची हातोडी, खाली ठेवली. प्रत्येकाची गल्ली स्वतःच्या दारापासून सुरू होते, हे इतकं साधं आहे की फोनवर सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. शिवाय अजून एक गंमत. एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. म्हणजे ओळीत पहिला कोण आणि सातवा कोण, तेही उलटंसुलटं. मी मधला चौथा, त्या भांडणातून तरी सुटलो.

आठशे चाळीस दगड आणि प्रत्येक जागेला दोन वारसदार. वीरधवलनं गाडीच्या ड्रायव्हरला फोन लावून उंब्रजच्या पुढं यायला सांगितलं. त्याच्या तोंडावर हसू होतं.

महेंद्र घरी गेला आणि ओट्यावर बसला. चूक त्यानं आजीला सांगितली. तिला राग येईल असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "मला ने तिथं. वहाणा घालू नगं मला."

ती आली. हात धरून, सात महिन्यांत पहिल्यांदा गल्लीत. नव्या बसवलेल्या ओळींवर तिनं पाय ठेवला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. दर दगडावर थोडी थांबायची, टाच टेकवायची, बोटं फिरवायची. "ह्यो बराबर. ह्यो बराबर. ह्यो न्हाई, काढ." बशीर तिच्या मागं खडूनं खुणा करत चालला. सतराव्या ओळीत ती माझ्यावर आली. तोच पाय. टाचेच्या भेगा मी ओळखल्या. मी डुगडुगलो.

"ह्यो हितला न्हवं," ती म्हणाली. "ह्यो माझ्या दाराकडचा. घरनं निगाल्यावर ह्याच्यावर पाय पडला की मी पदर नीट करती, म्होरं पेठवाल्यांची दारं लागत्यात म्हणून. काढ त्याला, बशीर."

खरं सांगतो मित्रांनो, आयुष्यात इतक्या खात्रीनं माझी ओळख कुणी पटवली नव्हती. पाथरवटानंही नाही.

बशीर म्हणाला, "आक्का, रोज यावं लागंल."

"चहा कोण देणार?"

"दुकानातनं आणून देतो."

"जीनतला म्हणावं, साखर जास्त."

सलग तीन दिवस असं चाललं. दर जागेला दोन दगड आणायचे, सैल ठेवायचे, म्हातारी दोन्हीवर उभी राहणार आणि निवाडा देणार. एकदा बशीरनं आपल्या डोळ्याच्या जोरावर एक दगड आधीच पक्का केला. तिनं पाय ठेवला आणि म्हणाली, "डोळं असून काय उपेग, बशीर?" बशीरनं मुकाट्यानं उपसला. गल्ली हसली. मधली साठ ओळींची खूण गाठली तेव्हा सगळ्यांना एकदमच उमगलं, की खालचे अर्धे ठरले म्हणजे उरलेले आपोआप वरचे. त्या संध्याकाळी आसिफनं महेंद्रच्या पाठीत धपाटा घातला. दोघं परत बोलायला लागले.

वरच्या साठ ओळी महेंद्रच्या नंबरानं, त्याच्या दारापासून मोजत बसवल्या. बशीरनं स्वतः म्हटलं, "हितनं सुरू हुती असं समज." पण बसवल्या मात्र खालून चढत, गवंड्याच्या रीतीनं. दोघांचंही राहिलं. मी माझ्या जागी गेलो. डावीकडं जुना शेजारी, उजवीकडं जुना शेजारी. वरून धुम्मस पडला आणि मी इतका घट्ट बसलो की मला रडू आलं असतं, जर दगडाला यायची सोय असती तर.

शनिवारी दुपारी बारा वाजता शेवटचा दगड बसला. ब्लॉकची गाडी हमरस्त्याला उभीच होती. वीरधवल मोटारसायकलवरून आला, गाडी लावली, हात मागं बांधून उभा राहिला. लोक दोन्ही बाजूंच्या उंबऱ्यांवर.

बाळाबाई दारातून उतरली. महेंद्र हात पुढं करायला लागला, तिनं त्याचा हात झटकला. एक दगड. दुसरा. पाचसहा पावलांत माझ्यावर आली, पदर नीट केला, पुढं गेली. मी मागून ऐकत होतो. पावलं सरळ पडत होती, अडखळत नव्हती. तीस ओळी. पन्नास ओळी. आणि ती थांबली.

बशीरला वाटलं, एखादा दगड चुकला. महेंद्र धावायला निघाला.

म्हातारीनं हात पुढं करून चाचपलं आणि तिचा आवाज चढला. "कुणाची फटफटी हाय रं मधी? बापाची गल्ली हाय काय?"

हशा असा फुटला की वरच्या निंबावरची पाखरं उडाली. वीरधवल धावत आला, मोटारसायकल ओढत मागं नेली, हँडल भिंतीला घासलं. "चुकलं आज्जी. जावा. जावा तुमी."

ती गेली. चौकात पोचली. जीनतनं कप हातात दिला, आणि त्या दिवशी म्हातारी तासाभरात काय, चार वाजेपर्यंत उठली नाही. सात महिन्यांच्या उखाळ्यापाखाळ्या साचल्या होत्या.

ब्लॉकची गाडी परत गेली. ग्रामपंचायतीच्या वहीत आता 'फरसबंदी' हा शब्द लिहिला आहे आणि त्यापुढं बशीरनं सांगितलेला अर्थ. लालासाहेबांनी तो स्वतःच्या हातानं लिहिला, मान न हलवता.

मित्रांनो, मी तुम्हाला दगडाची पूजा करा असं सांगणार नाही. आमच्यावर पाय ठेवा, त्यासाठीच आम्ही आहोत. सायकल चालवा, भांडा, पळा. एवढंच मागतो. आमच्यावर थुंकू नका, गुटख्याच्या पुड्या आमच्या फटीत कोंबू नका. त्या फटींतून पाणी खाली जातं. आणि उद्या तुमच्या गावात कुणी नकाशा घेऊन आलं आणि म्हणालं की हे जुनं काढू, नवं घालू, तर हातातला मोबाईल खिशात ठेवून त्याच्यापुढं उभे राहा. तो मोठा असेल, तुम्ही लहान असाल, घाबरू नका. त्याला एकच विचारा. साहेब, या वाटेनं रोज कोण चालतं, ते तुम्हाला माहीत आहे का?

माहीत नसेल तर त्याला त्या माणसाच्या घरी घेऊन जा. चालत.